पहिल्या सर्व्हरसाठी हलकी मुक्त प्रणाली: निवडीपासून उभारणीपर्यंत

सर्व्हरसाठी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम शोधायला निघालेला माणूस बहुधा आधी आयएसओ (इन्स्टॉलेशनसाठी उतरवायच्या) फाइलचा आकार बघतो. निवड करताना त्या आकड्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. टायनी कोअर लिनक्सची फाइल वीस-पंचवीस एमबीत मावते, पण ती काही वर्षानुवर्षं चालणाऱ्या सर्व्हरसाठी घडवलेली नाही. उलट डेबियनची इन्स्टॉलेशन फाइल कित्येक शे एमबींची असली, तरी त्यातून उभी राहणारी, डेस्कटॉप नसलेली प्रणाली रिकामी चालताना साधारण शंभर ते दोनशे एमबी मेमरीत भागवते. त्याच डेबियनवर ग्नोम डेस्कटॉप टाकला की आकडा एक जीबीच्या घरात जातो. म्हणजे प्रणालीचं नाव तेच राहतं, आपण त्यावर काय काय टाकलं त्यानुसार वजन बदलतं.

हलकेपणा मी तीन गोष्टींनी मोजतो. तुमचं खरं काम सुरू असताना मेमरी किती उरते, पाठीमागे न मागता किती सेवा चालू असतात, आणि पुढची किती वर्षं सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत राहतील. नवखे लोक तिसऱ्या गोष्टीकडे लक्ष देत नाहीत. पण ज्या प्रणालीमागे दर सहा महिन्यांनी एक रविवार घालवावा लागतो, ती मेमरी कितीही कमी खात असली तरी तुमच्यासाठी जडच.

पायरी १: आधी काम ठरवा

"मला सर्व्हर करायचाय" एवढ्यावर निवड होत नाही. एका वाक्यात काम लिहून काढा. उदाहरणार्थ, "वाचनालयाची पुस्तकं, सभासद आणि देवघेव सांभाळायला कोहा चालवायचं आहे." किंवा "एक जीबीच्या भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवर भाड्याने मिळणाऱ्या आभासी सर्व्हरवर) साधी वेबसाइट आणि घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षितपणे शिरायला वायरगार्ड हे व्हीपीएन."

या दोन कामांची उत्तरं वेगळी येतात. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त स्रोत प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी लिहिली गेली आणि २००० साली वापरात आली. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत ती चालते. तिचे निर्माते तयार पॅकेजं देतात ती डेबियन घराण्यासाठी. तिच्यासोबत डेटाबेससाठी मारियाडीबी, वेब सर्व्हर म्हणून अपाची आणि शोधासाठी झेब्रा येतं. ही मंडळी मिळून इतकी मेमरी घेतात की खाली कोणती प्रणाली आहे याने पडणारा पन्नास-शंभर एमबींचा फरक त्यात विरून जातो. इथे झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च निवडलं, तर वाढणारी मेमरी प्रणाली बदलून वाचणाऱ्या मेमरीच्या कितीतरी पट असेल. दुसऱ्या उदाहरणात मात्र, विशेषतः व्हीपीएस ५१२ एमबीचा असेल तर, प्रणालीच्या शंभर एमबींनी नक्की फरक पडतो.

म्हणून जे सॉफ्टवेअर चालवायचं आहे त्याची माहितीपुस्तिका आधी उघडा आणि ते बनवणारे लोक स्वतः कोणत्या प्रणालीवर चाचणी घेतात ते पाहा. अडचण आली की उत्तर शोधताना याचा फार आधार मिळतो.

पायरी २: यंत्राची कुंडली काढा

जुना संगणक असेल तर पहिला प्रश्न: प्रोसेसर ६४ बिटचा आहे का? डेबियन १३, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं 'ट्रिक्सी', जुन्या ३२ बिट पीसींसाठी इन्स्टॉलर देतच नाही. ३२ बिटचं यंत्र असेल तर त्याच्यावर वर्षभर वीज जाळण्यापेक्षा कोणाकडून तरी बाद झालेलं ६४ बिटचं यंत्र मिळवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न कमी लोकांना माहीत असतो. ६४ बिटमध्येही आता पातळ्या आल्या आहेत. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स घराण्याची नववी आवृत्ती एक्स८६-६४-व्ही२ ही पातळी मागते आणि दहावी आवृत्ती व्ही३. व्ही३ साठी प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हे वैशिष्ट्य लागतं, जे इंटेलने २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून दिलं. कोअर टू ड्युओ तर व्ही२ सुद्धा पुरी करत नाही. याच घराण्यातल्या अल्मालिनक्सने दहाव्या आवृत्तीची व्ही२ साठी वेगळी बांधणी ठेवली आहे, पण अशा यंत्रावर डेबियन किंवा अल्पाइन टाकणं सरळ पडतं, कारण ते अजून मूळ ६४ बिट पातळीवर चालतात. कोणत्याही लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) लिनक्सवर 'एलएससीपीयू' चालवलं की प्रोसेसरची सगळी वैशिष्ट्यं दिसतात.

डिस्कचं आरोग्य 'स्मार्टसीटीएल'ने बघा. बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर ती डिस्क सर्व्हरमध्ये नको. लहानशी एसएसडी घाला. जुन्या यंत्राला याच्याइतका दुसरा कशाचाही फायदा होत नाही.

आणि वीज. ग्रामीण भागात तर सोडाच, शहरातही पावसाळ्यात वीज जाते-येते. बायोसमध्ये "वीज परत आल्यावर काय करायचं" अशी सोय असते, ती "चालू हो" वर ठेवा. नाहीतर सर्व्हर शनिवारी रात्री बंद पडेल आणि सोमवारी कोणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तसाच राहील. यूपीएसला यूएसबीची तार असेल तर 'नट' हे पॅकेज लावून बॅटरी संपत आली की यंत्र व्यवस्थित बंद होईल असं करता येतं. डेटाबेस चालवणाऱ्याने हे पुढे ढकलू नये.

पायरी ३: उमेदवार

डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार रूपं, शेकडो आहेत. नवख्या माणसाने त्यांतले चार-पाचच बघावेत.

*डेबियन.* बहुतेकांसाठी माझं उत्तर हेच. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही, स्वयंसेवक तो चालवतात. त्यांची जागतिक परिषद २०२३ मध्ये आपल्याच देशात कोचीला भरली होती. सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. दर दोन वर्षांच्या आसपास नवी स्थिर आवृत्ती येते आणि तिला साधारण तीन वर्षं पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षं दीर्घकालीन, अशी पाच वर्षं सुधारणा मिळतात. पॅकेजांच्या आवृत्त्या थोड्या जुन्या असतात, अशी तक्रार ऐकू येते. सर्व्हरवर तो गुणच आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं, तेव्हा ती बाधित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचली होती, स्थिर शाखेपर्यंत नाही. सतत नवं देणाऱ्या रोलिंग डिस्ट्रो सर्व्हरवर नकोत असं मी म्हणतो त्यामागे हे एक कारण आहे.

*अल्पाइन.* खरोखर हलकं. प्रोग्रॅमांना लागणारी मूळ लायब्ररी ग्लिबसीऐवजी मसल, नेहमीच्या साधनांच्या जागी बिझीबॉक्स, सेवा सुरू-बंद करायला सिस्टिमडीऐवजी ओपनआरसी. डिस्कवर दीडशे एमबीच्या आसपास जागा आणि रिकामं असताना पन्नास-साठ एमबी मेमरी. ५१२ एमबीच्या व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि वायरगार्ड चालवायचं असेल तर मी बेलाशक हेच घेईन. पण घेण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात.

एक, वर्षातून दोन आवृत्त्या येतात. त्यांतल्या 'मेन' या पॅकेजांच्या भांडाराला दोन वर्षं आधार असतो, पण 'कम्युनिटी' भांडाराला फक्त पुढची आवृत्ती येईपर्यंत. तुमचं पॅकेज कोणत्या भांडारातलं आहे ते बघा. ते कम्युनिटीतलं निघालं तर दर सहा महिन्यांनी आवृत्ती बदलणं आलंच.

दोन, ग्लिबसी गृहीत धरून बनवलेले तयार प्रोग्रॅम मसलवर सरळ चालत नाहीत. एखाद्या कंपनीने फक्त तयार फाइल दिली आहे आणि मूळ कोड दिलेला नाही, अशा वेळी नवखा माणूस इथे अडकतो. पायथनची बरीच पॅकेजं आता मसलसाठीही तयार मिळतात, सगळी नाही.

तीन, ही खास आपल्यासाठी. मसलमध्ये भाषावार वर्णक्रमाची सोय नाही, अक्षरांच्या संकेतांकांनुसार सरळ मांडणी होते. युनिकोडमध्ये 'ळ' हे 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसलंय, आणि 'क्ष' हे 'क', हलन्त आणि 'ष' मिळून बनतं. त्यामुळे 'क्षीरसागर' हे आडनाव यादीच्या शेवटी न येता 'क'च्या घोळक्यात सापडतं. सभासदांची यादी मराठी वर्णमालेप्रमाणे हवी असेल, तर डेटाबेसमध्ये आयसीयू या युनिकोड लायब्ररीची क्रमवारी वापरावी लागते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती मिळते. डेबियनवरही मराठी लोकेल (भाषेनुसार क्रम, तारखा वगैरेंची मांडणी) आपण तयार करून घ्यावं लागतं, पण निदान ते उपलब्ध आहे.

*उबुंटू सर्व्हर.* डेबियनपेक्षा थोडं जड, स्नॅपडीसारख्या सेवा सोबत येतात. पण शिकवणी-लेख सर्वांत जास्त याच्यावरच लिहिलेले असतात. दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं टिकते. दोन जीबी किंवा जास्त मेमरी असेल आणि तुम्ही एकटेच शिकत असाल, तर हा मार्ग वाईट नाही.

*अल्मालिनक्स आणि रॉकी.* हलके म्हणून नव्हे, तर रेड हॅटशी सुसंगत सॉफ्टवेअर चालवायचं असेल तेव्हाच. हे दोन्ही जन्मले कशामुळे ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२१ वर आणली गेली आणि जगभरच्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना घाईने घर बदलावं लागलं. प्रणालीमागे कोण आहे आणि निर्णय कोण घेतं, हे मी मेमरीइतकंच तपासतो ते यामुळे.

*फ्रीबीएसडी.* हे लिनक्स नाही, पण उत्तम सर्व्हर प्रणाली आहे. झेडएफएस ही फाइल-व्यवस्था आणि सेवा एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारी जेल ही तिची बलस्थानं. माहितीपुस्तिका इतकी नीट लिहिलेली की वाचूनच शिकता येतं. फायली साठवण्याचा सर्व्हर करायचा असेल आणि मेमरी आठ जीबी असेल तर जरूर बघा. कमी मेमरीत झेडएफएसऐवजी यूएफएस ही साधी फाइल-व्यवस्था घ्या.

रास्पबेरी पाय असेल तर त्याची 'लाइट' आवृत्ती घ्या. ती डेबियनवरच आधारलेली आहे. फक्त डेटाबेस एसडी कार्डावर ठेवू नका, यूएसबीच्या एसएसडीवर ठेवा.

डॉकर, म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारं साधन, वापरणार असाल तर निवडीचं दडपण बरंच कमी होतं. प्रत्येक कंटेनर आपली लायब्ररी आपल्यासोबत आणतो, त्यामुळे खाली डेबियन ठेवून आत अल्पाइनच्या प्रतिमा चालवता येतात.

पायरी ४: आभासी यंत्रात मोजून बघा

लोकांच्या मतांपेक्षा तुमच्या यंत्रावरचा आकडा खरा. रोजच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हर्ट-मॅनेजर घ्या आणि खऱ्या सर्व्हरला जितकी मेमरी आहे तितकीच आभासी यंत्राला द्या. दोन उमेदवार टाका, तुमचं सॉफ्टवेअर लावा, दोन-तीन ब्राउझरमधून वापरा आणि मग 'फ्री -एम' चालवा.

तिथे 'फ्री' हा रकाना बघून घाबरायचं नाही. लिनक्स मोकळी मेमरी फायलींच्या साठ्यासाठी वापरून घेतं आणि गरज पडली की सोडतं. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'. काम सुरू असताना एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी तरी तिथे उरत असेल, तर प्रणाली त्या यंत्रासाठी पुरेशी हलकी आहे.

'एसएस -टीएलएनपी' चालवून कोणते पोर्ट ऐकत बसले आहेत तेही पाहा. नव्या, स्वच्छ इन्स्टॉलेशनवर एसएसएचशिवाय (दूरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) फारसं काही दिसायला नको. ज्या ओळीचा अर्थ कळत नाही, ती सेवा शोधून काढा, आणि नको असेल तर पॅकेजच काढून टाका.

पायरी ५: इन्स्टॉलेशन

फाइल प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या आणि तिचा एसएचए२५६ आकडा (फाइलची ओळखखूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी पडताळा. दोन मिनिटांचं काम आहे. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे अर्ध्यातच थांबलेलं इन्स्टॉलेशन त्यामुळे टळतं. मग रूफस, एचर किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह बनवा.

डेबियनचा इन्स्टॉलर दोन ठिकाणी नीट विचार करायला लावतो. रूटचा (सर्वाधिकारी वापरकर्त्याचा) पासवर्ड विचारतो तिथे रिकामं सोडलं, तर तो 'सुडो' टाकतो आणि तुमच्या वापरकर्त्याला अधिकार देतो. नवख्याने तसंच करावं. शेवटी कोणते संच हवेत अशी यादी येते. तिथे डेस्कटॉप आणि ग्नोमवरची खूण काढा, 'एसएसएच सर्व्हर' आणि 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' एवढ्यांवरच ठेवा. तुमचा सर्व्हर हलका होणार की जड, ते मुख्यतः या एका पडद्यावर ठरतं. डिस्कच्या वाटणीत पहिल्यांदा "पूर्ण डिस्क, एकच विभाग" चालेल.

अल्पाइनमध्ये रूट म्हणून आत शिरून 'सेटअप-अल्पाइन' चालवायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. डिस्क कशी वापरायची असं विचारलं की 'सिस' निवडा. नाहीतर प्रणाली मेमरीतून चालते आणि बदल वेगळे जतन न केल्यास रीबूटनंतर नाहीसे होतात.

पायरी ६: पहिला तास

आधी सगळं अपडेट करा. मग डेबियनवर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज टाका आणि ते खरंच चालू आहे ना ते तपासा.

एसएसएचला किल्लीने शिरायची सोय करा आणि त्यानंतर पासवर्डने शिरणं बंद करा. सेटिंग बदलताना आधीची खिडकी उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय याची खात्री झाल्यावरच पहिली बंद करा. दूरच्या व्हीपीएसवर ही सवय फार उपयोगी पडते.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू सोपं आहे. मात्र डॉकर आपले नियम स्वतः घालतो आणि त्याने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला जुमानत नाही. फक्त आतल्या वापराचा पोर्ट असेल तर तो १२७.०.०.१ लाच, म्हणजे त्याच यंत्रापुरता, बांधा.

वेळेचा विभाग 'एशिया/कोलकाता' करा. नोंदी वाचताना साडेपाच तास मिळवत बसावं लागत नाही. लोकेल यूटीएफ-८ हवंच. मारियाडीबीत तक्ते 'यूटीएफ८एमबी४' मध्ये ठेवा. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू लागली, तर बहुतेक वेळा चूक तक्त्याच्या किंवा जोडणीच्या अक्षरसंचात असते, आणि ती डेटा भरण्याआधी सुधारणं सर्वांत सोपं.

घरच्या फायबरवर सर्व्हर ठेवून तो बाहेरून दिसावा अशी अपेक्षा असेल तर आधी चौकशी करा. अनेक जोडण्यांवर एकच आयपीव्ही४ पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, आणि तिथे राउटरवर पोर्ट उघडूनही काही होत नाही. आयपीव्ही६ किंवा छोट्या व्हीपीएसमार्गे वायरगार्ड हे त्यावरचे उपाय. वाचनालयाच्या आतल्या आतच वापर असेल तर याची गरजच नाही.

पायरी ७: मेमरी कमी पडली तर

लगेच प्रणाली बदलू नका. आधी झेडरॅम लावा. मेमरीतलाच काही भाग दाबून स्वॅपसारखा (मेमरी भरल्यावर वापरायच्या जादा जागेसारखा) वापरला जातो आणि एक-दोन जीबीच्या यंत्राला मोकळा श्वास मिळतो. डिस्कवरही एक जीबीची स्वॅप फाइल असू द्या.

डेबियन १३ मध्ये '/टीएमपी' ही डिरेक्टरी आता मेमरीत राहते आणि अर्ध्या रॅमपर्यंत वाढू शकते. मोठमोठ्या तात्पुरत्या फायली करणारं सॉफ्टवेअर एक जीबीच्या यंत्रावर असेल तर मेमरी अचानक भरते, आणि कारण लवकर सापडत नाही. 'टीएमपी.माउंट' हे युनिट मास्क करून रीबूट केलं की जुनी पद्धत परत येते.

त्यानंतर डेटाबेसकडे वळा. मारियाडीबीचा इनोडीबी बफर मूळचा १२८ एमबींचा असतो. लहान यंत्रावर तो निम्मा करता येतो. पीएचपीची वेबसाइट असेल तर ती चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचे किती कामकरी एका वेळी चालू राहतील त्यावर मर्यादा घाला. दहा माणसं वापरणार असतील तर चार-पाच कामकरी पुरतात. दोन-चारशे नोंदींच्या कामाला तर डेटाबेस सर्व्हर नकोच, एसक्यूलाइट भरपूर झालं.

पायरी ८: बॅकअप आणि पुढचा मुक्काम

रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअप-साधनांपैकी एक निवडा आणि रोज रात्री डेटाबेसची निर्यात करून ती दुसऱ्या यंत्रावर पाठवा. त्याच यंत्रातल्या दुसऱ्या डिस्कवरची प्रत पुरेशी नाही, कारण विजेच्या झटक्यात दोन्ही जातात. महिन्यातून एकदा त्या प्रतीतून पायरी ४ मधल्या आभासी यंत्रात सगळं पुन्हा उभं करून बघा. त्यासाठी ते यंत्र पुसू नका.

'/ईटीसी' मध्ये केलेला प्रत्येक बदल, तारीख आणि कारणासह, एका वहीत किंवा गिटमध्ये लिहा. तुमच्यानंतर तो सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यक्तीला हीच नोंद लागेल.

आणि आवृत्तीचा आधार कधी संपतो ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये घाला, तिच्या सहा महिने आधीची आठवण लावून. डेबियनमध्ये एका वेळी एकच आवृत्ती पुढे जाता येतं. अकरावरून तेरावर जायचं तर बारावर थांबावंच लागतं. प्रत्येक टप्प्यासाठी प्रकल्प तपशीलवार सूचना देतो. त्या पूर्ण वाचा, बॅकअप घ्या, आधी आभासी यंत्रात करून बघा आणि वाचनालयाला सुट्टी असेल त्या दिवशी खऱ्या यंत्राला हात लावा.